सर्दीची गोळी: एका पाकिटात किती औषधे?

१/
मालाड स्थानकाच्या पश्चिमेला बाहेर पडून कोणत्याही मेडिकलसमोर क्षणभर थांबले, तर पावसाळ्याच्या तोंडावर एक वाक्य हमखास कानी पडते: ‘सर्दीची गोळी द्या.’ गिऱ्हाईक औषधाचे नाव सांगत नाही, लक्षणाचे नाव सांगते. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो आणि दोन-चार गोळ्या हाती देतो. त्या तुकड्यावर अनेकदा घटकांची नावेही उरत नाहीत आणि मुदतीची तारीखही नाही. वास्तविक त्या एका गोळीत बहुधा तीन, कधी चार स्वतंत्र औषधे असतात. ती एकत्र कशी आली, त्यांच्यावरून सरकार आणि उद्योग न्यायालयात का भांडले आणि या इतिहासात मुंबईचे स्थान काय, याचा हा धागा.

२/
अनेक द्रव्ये एकत्र करून सर्दीवर देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे त्रिकटू, किंवा खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची आणि दालचिनी यांचे सितोपलादि चूर्ण ही मिश्रणेच आहेत. गवती चहा, आले आणि तुळशीचा काढा मराठी घरात आजही उकळतो. परंतु काढा करणाऱ्या आजीला त्यात काय घातले आहे हे ठाऊक असे. आधुनिक संयुक्त गोळीच्या इतिहासातील मूळ प्रश्न नेमका येथून सुरू होतो: घेणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक नसते. पुढील सव्वाशे वर्षांत जे अनर्थ घडले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या अज्ञानात सापडते.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार औषधांचा व्यापार जगभर फोफावला. १८९३ मध्ये काशिनाधुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन हा वेदनाशामक बाम काढला. दोन दशकांनंतर हा व्यवसाय मद्रासला गेला. अमेरिकेत लन्सफर्ड रिचर्डसन या औषधविक्रेत्याने याच सुमारास मेन्थॉल आणि कापराचा जो लेप तयार केला, तो पुढे व्हिक्स व्हेपोरब झाला. भारतात हा लेप नंतर आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकला जाऊ लागला आणि त्यामुळे किराण्याच्या दुकानापर्यंत पोहोचला. एकच डबी एका देशात एका प्रकारचे औषध ठरते आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या प्रकारचे. औषधाची ‘जात’ रसायनशास्त्राइतकीच कायदाही ठरवतो, हे ध्यानात ठेवावे. पुढे हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

४/
आता गोळी फोडून पाहू. पहिला घटक ताप आणि अंगदुखीचा: पॅरासिटामॉल. हार्मन मोर्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते १८७८ मध्ये प्रथम बनवले, पण त्याचे भाग्य सत्तर वर्षे उघडले नाही. बाजारात मान होता त्याच्या भावंडाला, म्हणजे फेनासिटिनला. १९४८ मध्ये ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवले की फेनासिटिनचा गुण मुख्यतः शरीरात त्याचे पॅरासिटामॉल होते म्हणून येतो. १९५०च्या दशकात पॅरासिटामॉल अमेरिका आणि ब्रिटनच्या बाजारात आले आणि जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांत जाऊन बसले.

५/
दुसरा घटक शिंका आणि वाहत्या नाकाचा: अँटीहिस्टामिन. डॅनियल बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९३७ मध्ये हिस्टामिनला रोखणारा पहिला रेणू शोधला. बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर या कुळातील औषधांची रांग लागली आणि त्यांतच क्लोरफेनिरामिन आले. ॲलर्जीत हिस्टामिन मुख्य अपराधी असतो, म्हणून तेथे ही औषधे चांगली चालतात. विषाणूजन्य सर्दीत हिस्टामिनचा वाटा लहान असतो; तेथे जुन्या अँटीहिस्टामिनने नाक सुकते ते प्रामुख्याने त्यांच्या दुसऱ्या एका गुणामुळे, स्राव कोरडे करण्याच्या गुणामुळे. त्याच गुणापायी तोंड कोरडे पडते, लघवी अडते. शिवाय ही जुनी औषधे मेंदूत सहज शिरतात, म्हणून झोप येते.

६/
तिसरा घटक चोंदलेल्या नाकाचा. याची मुळे चीनच्या ‘माहुआंग’ या वनस्पतीत आहेत. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ मध्ये तिच्यातून इफेड्रिन वेगळे केले. १९२४ मध्ये चेन आणि श्मिट यांनी पेकिंगमधून त्याचे गुण पाश्चात्त्य वैद्यकापुढे ठेवले. त्याच्याच जवळच्या नात्यातील रेणू म्हणजे स्यूडोइफेड्रिन, फेनिलप्रोपॅनोलामिन आणि फेनिलेफ्रिन. यांचे कार्य एकच: रक्तवाहिन्या आकुंचित करणे. नाकातील सुजलेल्या वाहिन्या आकसल्या की श्वास मोकळा होतो. परंतु पोटात घेतलेले औषध नाकापुरते थांबत नाही. शरीरातील इतर वाहिन्याही आकसतात, रक्तदाब वाढतो, छातीत धडधडते. या कुळातील एका रेणूची कथा पुढे येईल.

७/
चौथा घटक म्हणून अनेकदा कॅफिन असते, कधी खोकला दाबणारे औषधही. तिन्ही-चारही एका गोळीत भरण्याचा युक्तिवाद सोपा होता: रुग्णाला तीन लक्षणे आहेत, तर तीन गोळ्या कशाला? युक्तिवादात तथ्य आहे. क्षयरोगावरील किंवा एचआयव्हीवरील संयुक्त गोळ्यांनी रुग्णांचे जीव वाचवले आहेत; तेथे एकत्र येण्याला वैद्यकीय कारण आहे. सर्दीत मात्र लक्षणे एकाच वेळी, एकाच तीव्रतेने असतीलच असे नाही. ज्याचे केवळ नाक वाहते, त्याला तापाचे औषधही गिळावे लागते. मात्रा कमी-जास्त करण्याची सोय उरत नाही. दुष्परिणाम झाला, तर कोणत्या घटकाने तो केला हे ओळखणेही अवघड जाते.

८/
मिश्रणांनी केलेल्या हानीचा पहिला मोठा धडा फेनासिटिनने दिला. ॲस्पिरिन, फेनासिटिन आणि कॅफिन यांची ‘एपीसी’ गोळी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर खपत होती. कॅफिनने तरतरी येई आणि लोक ती सवयीने घेत. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील श्प्यूलर आणि त्सोलिंगर यांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराकडे लक्ष वेधले. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांशी त्याचे नाते जोडले गेले. किरकोळ डोकेदुखीची गोळी हळूहळू मूत्रपिंड खात होती. भारताने फेनासिटिनवर बंदी घातली ती १९८३ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

९/
दुसरा धडा त्याहून भीषण. १९३७ मध्ये अमेरिकेतील मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध मुलांनाही घेता यावे म्हणून गोड पातळ रूपात आणले. औषध विरघळवण्यासाठी डायइथिलीन ग्लायकॉल वापरले गेले. हा द्रव गोडसर, दाट आणि दिसायला ग्लिसरीनसारखा. शरीरात गेला की मूत्रपिंड निकामी करतो. विक्रीपूर्वी विषारीपणाची चाचणी करण्याचे बंधनच नव्हते. शंभरहून अधिक माणसे मेली, त्यांत अनेक बालके होती. कायद्याने कंपनीवर ठेवता आला तो आरोप एवढाच की अल्कोहोल नसताना औषधाला ‘एलिक्सिर’ म्हटले. या लाजिरवाण्या पोकळीतून १९३८ चा अमेरिकी कायदा जन्मला.

१०/
भारतात याच दशकात कायद्याची जुळवाजुळव चालू होती. भेसळ आणि निकृष्ट आयात औषधांच्या तक्रारींमुळे सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. १९३०-३१ मध्ये तिने काम केले. तिच्या शिफारशींना कायद्याचे रूप मिळायला जवळपास दशक लागले: औषध कायदा १९४० चा, नियम १९४५ चे. या चौकटीत एक गोष्ट अशी बसली की जिचे परिणाम आजही भोगावे लागतात. औषध बनवण्याचा परवाना देणे राज्यांकडे राहिले आणि दर्जाची मानके ठरवणे केंद्राकडे. दोन हातांत एक दोरी असली की गाठ कोणाची, हा वाद ठरलेला.

११/
स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईची उपनगरे औषधनिर्मितीची भूमी बनली. जोगेश्वरीला १९४४ मध्ये स्थापन झालेली युनिकेम, गोरेगावला १९६३ मध्ये सुरू झालेले सिबाचे संशोधन केंद्र, कांदिवलीला इप्का, मुलुंडला हेक्स्ट आणि बरोज वेलकम. मालाड या पट्ट्याच्या मधोमध. ज्या गावाच्या खाणींतील पिवळसर दगडाने मुंबईच्या भव्य इमारती सजल्या, ते गाव १९५७ मध्ये बृहन्मुंबईत सामील झाले आणि पाहता पाहता कारखान्यांत व कचेऱ्यांत जाणाऱ्या नोकरदारांची वस्ती झाले. औषधे बनवणारे, विकणारे आणि दमट हवेत, धुळीत शिंकत ती गिळणारे अशी सारी माणसे एकाच लोकलने प्रवास करू लागली.

१२/
१९७५ मध्ये जयसुखलाल हाथी समितीने देशाच्या औषधव्यवहाराचे कठोर परीक्षण केले आणि ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली. हजारो ब्रँडच्या गर्दीत खऱ्या गरजेची औषधे किती थोडी, हे त्या आकड्याने दाखवले. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम २६-अ आले: ज्या औषधाला उपचारात्मक आधार नाही किंवा ज्यापासून धोका आहे, ते बंद करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. १९८३ मध्ये त्याखाली पहिली मोठी यादी निघाली आणि तीत कित्येक अतार्किक मिश्रणे होती. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेसारख्या गटांनी, डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी, तर्कशुद्ध औषधवापराचा प्रश्न मराठीत लोकांपर्यंत नेला.

१३/
आणि मग जे. जे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरीन देण्यात आले होते. डोक्यातील किंवा डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी ते वापरले जाई. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते. १९३७ चे तेच विष, एकोणपन्नास वर्षांनंतर, देशाच्या औषधनिर्मितीच्या राजधानीत, सरकारी रुग्णालयाच्या साठ्यात. सर्दीच्या औषधाशी याचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक पातळ औषधांना असाच एखादा दाट, गोडसर द्रव आधार म्हणून लागतो. विष शिरते ते याच दारातून.

१४/
मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या एकसदस्यीय आयोगाने या मृत्यूंची चौकशी केली. अहवाल १९८८ मध्ये आला. निकृष्ट मालाची खरेदी कशी झाली, तपासणी कुठे झाली नाही, परवाने कसे मिळाले, याचा माग काढताना आयोगाने रुग्णालय, औषध प्रशासन आणि राजकीय सत्ता या तिघांवर ताशेरे ओढले. भारतीय औषधनियमनाच्या इतिहासात या अहवालाचे मोल मोठे आहे. एका बाटलीतील विषामागे एक अपराधी नसून हातांची साखळी असते, हे त्याने नोंदवून ठेवले. तो अहवाल पुढच्या प्रत्येक दुर्घटनेनंतर पुन्हा वाचावासा वाटतो, हीच त्याची शोकांतिका.

१५/
१९८८ मध्येच नियमांत महत्त्वाचा बदल झाला. दोन किंवा अधिक औषधांचे ठरावीक मात्रेतील नवे मिश्रण, म्हणजे फिक्स्ड डोस कॉम्बिनेशन किंवा एफडीसी, हे ‘नवे औषध’ मानले जाईल आणि त्याला आधी केंद्राची मान्यता लागेल. कागदावर हे चोख होते. प्रत्यक्षात राज्यांची परवाना कार्यालये केंद्राला न विचारता परवाने देत राहिली. दोन जुनी, मान्य औषधे एकत्र केली की नवा ब्रँड, नवी किंमत, नवी जाहिरात. नव्या रेणूच्या संशोधनाचा खर्च नाही. बाजारात मिश्रणांचे पेव फुटले, आणि सर्दी-खोकला हे त्यांचे सर्वांत सुपीक शेत ठरले.

१६/
आता त्या रेणूची कथा. फेनिलप्रोपॅनोलामिन अनेक सर्दीच्या गोळ्यांत होते. २००० मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांना या औषधाचा मेंदूतील रक्तस्रावाशी, विशेषतः स्त्रियांमध्ये, संबंध आढळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकी औषध प्रशासनाने कंपन्यांना ते काढून घेण्यास सांगितले. भारतात बंदीची अधिसूचना निघाली ती १० फेब्रुवारी २०११ रोजी. या दहा वर्षांत मालाडपासून मालवणपर्यंत किती जणांनी नाक मोकळे व्हावे म्हणून ती गोळी घेतली असेल, याची मोजदाद कोणाकडे नाही. धोका फार थोड्यांना असला, तरी ज्या आजाराने माणूस आठवड्यात आपोआप बरा होतो, त्याच्यासाठी तो का पत्करावा, हा खरा प्रश्न होता.

१७/
२०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने केंद्रीय औषध नियामकाच्या कारभारावर बोट ठेवले आणि केंद्राच्या मान्यतेविना बाजारात आलेल्या मिश्रणांचा विषय ऐरणीवर आला. उत्पादकांना त्यांची सुरक्षितता आणि उपयुक्तता सिद्ध करण्यास सांगण्यात आले; सहा हजारांहून अधिक अर्ज आले. ते तपासण्यासाठी बेळगावच्या केएलई विद्यापीठाशी संबंधित प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १० मार्च २०१६ रोजी केंद्राने एका फटक्यात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. खोकल्यावरील कोरेक्स, सर्दीवरील व्हिक्स ॲक्शन ५०० एक्स्ट्रा अशी घराघरांतील नावे त्या यादीच्या जाळ्यात आली. अंधेरीच्या चकाल्यात मुख्यालय असलेल्या पी अँड जीने काही दिवसांतच आपली गोळी थांबवली.

१८/
कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १ डिसेंबर २०१६ रोजी न्यायालयाने बंदी रद्द केली. कायद्याने नेमलेल्या औषध तांत्रिक सल्लागार मंडळाचा सल्ला सरकारने घेतला नव्हता, हे कारण. येथे मुद्दा औषध चांगले की वाईट हा नव्हताच. निर्णयाची रीत हा होता. १५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण त्या मंडळाकडे सोपवले. मंडळाने मुंबईच्या ज्येष्ठ औषधशास्त्रज्ञ आणि केईएमच्या माजी अधिष्ठाता डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. १९८८ पूर्वीची असल्याचा दावा असलेली पंधरा मिश्रणे तेवढी बाजूला ठेवली गेली.

१९/
यादी वाढत गेली. जून २०२३ मध्ये १४ मिश्रणे बंद झाली, त्यांत खोकल्याची कित्येक पातळ औषधे होती. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. त्यांत लिव्होसेटिरिझिन, फेनिलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल यांचे सर्दीवरील मिश्रणही होते. दरम्यान सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितले की तोंडाने घेतलेले फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत चोंदलेले नाक मोकळे करत नाही. आतड्यात आणि यकृतातच त्याचा बहुतांश भाग निष्प्रभ होतो. स्यूडोइफेड्रिनपासून मादक पदार्थ बनतात म्हणून ते काउंटरमागे गेले आणि त्याच्या जागी फेनिलेफ्रिन सर्वत्र शिरले होते. दशकानुदशके विकला गेलेला घटक निरुपयोगी ठरला.

२०/
मोठ्यांची ही हानी बहुधा पैशांची. मुलांची प्राणांची. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर भागात सर्दीच्या एका संयुक्त पातळ औषधाने सुमारे डझनभर बालके दगावली. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुलांचे मृत्यू भारतीय बनावटीच्या औषधांशी जोडले गेले. दोन्हीकडे तेच डायइथिलीन ग्लायकॉल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय नियामकाने आदेश काढला: क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा.

२१/
तरीही २०२५ चा सप्टेंबर उजाडला. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्हा नागपूरला लागून. परासियाच्या परिसरात सर्दी-तापाने आजारी लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली. आईवडिलांनी मुलांना उचलून नागपूरच्या रुग्णालयांत धाव घेतली. मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत राहिली. संख्या वीसच्या पुढे गेली. औषध होते कोल्ड्रिफ: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन. तमिळनाडूतील कारखान्याच्या एसआर-१३ या तुकडीत ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले, मर्यादा ०.१ टक्का. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या तुकडीविरुद्ध सावधगिरीचा इशारा काढला. बाटलीतील अर्धा द्रव विष होता आणि चमचा आईच्या हातात होता.

२२/
मालाडच्या मालवणीला हे दुःख निराळ्या वाटेने ठाऊक आहे. जून २०१५ मध्ये तेथे विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. द्रव दिसायला तोच, वासाला जवळचा, भावाने स्वस्त, आणि कारखान्यासाठी बनलेला. ग्लिसरीनच्या जागी डायइथिलीन ग्लायकॉल शिरते ते याच हिशेबाने. दोन्ही विषांवरील उतारेही वैद्यकात जवळपास सारखेच आहेत. आणि दोन्हीकडे बळी गेले ते ज्यांना बाटलीतील द्रव तपासण्याचे कोणतेही साधन नव्हते ते. मालवणीत गुत्त्यावरचा मजूर, परासियात ताप चढलेले लेकरू.

२३/
या इतिहासातून घरापुरते काय उचलावे? पहिले: पट्टीचा कापलेला तुकडा घेतला, तरी घटकांची नावे विचारून घ्यावीत. दुसरे: पॅरासिटामॉलची बेरीज करावी. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. सर्दीच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या आणि ‘ताप आहे’ म्हणून ६५० मिलिग्रॅमच्या चार, म्हणजे ४६०० मिलिग्रॅम. मर्यादा ओलांडली, आणि घेणाऱ्याला वाटते की आपण दोन वेगळी औषधे घेतली. मार बसतो यकृताला, आणि पहिल्या दिवशी फारसे जाणवतही नाही. दारूची सवय किंवा यकृताचा विकार असलेल्यांची मर्यादा याहूनही खाली. ती डॉक्टरांनी ठरवावी.

२४/
तिसरे: जुन्या अँटीहिस्टामिननंतर दुचाकी चालवू नये, यंत्रावर काम करू नये, मद्य घेऊ नये. चौथे: उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गर्भारपण किंवा नैराश्यावरील औषधे चालू असतील, तर सर्दीची संयुक्त गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे: ऑक्टोबर २०२५ च्या केंद्रीय सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देणे म्हणजे मात्रेचा अंदाज नव्हे, जुगार. औषधानंतर मूल सुस्त झाले, उलट्या झाल्या किंवा लघवी कमी झाली, तर बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

२५/
साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. पाणी, विश्रांती, मिठाच्या पाण्याचे नाकातील थेंब आणि गरज असेल त्या एकाच लक्षणावर एकच औषध, एवढे पुष्कळदा पुरते. धाप लागली, ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, छाती दुखली किंवा शिंका महिनोन्‌महिने सरत नसतील, तर तो मेडिकलचा नव्हे, डॉक्टरांचा विषय. ॲलर्जी असेल, तर झोप न आणणारी नवी अँटीहिस्टामिने किंवा नाकात मारायचा फवारा वैद्यकीय सल्ल्याने एकेकटा घेता येतो; सोबत तापाचे औषध गिळण्याचे कारण नसते.

२६/
१९३७, १९८६, २०२०, २०२२, २०२५. विष एकच, देश निराळे. प्रत्येक वेळी कायदा दुर्घटनेनंतर आला आणि प्रत्येक कायद्यात एक फट उरली. चोप्रा समिती, हाथी समिती, लेंटिन आयोग, कोकाटे आणि क्षीरसागर समित्या यांनी ती फट बुजवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आणि ते अपुरे आहे. राज्याने कारखाना तपासावा, केंद्राने मिश्रण तपासावे, ही त्यांची जबाबदारी आहे आणि ती नागरिकावर ढकलता येत नाही. तथापि पट्टीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत जो मजकूर छापलेला असतो, तो या साऱ्या मृत्यूंच्या बदल्यात मिळालेला आहे. पुढल्या वेळी ‘सर्दीची गोळी’ हाती आली की तो वाचावा.